सगळे मेलेत आणि मागे नुसती रेकॉर्डिंग्ज: सायफाय गेम्सनी हे आता थांबवावं (स्पॉइलर आहेत)

रात्रपाळी:
काल अजून एक गेम चालू केला आणि दहाव्या मिनिटाला मन उडालं. स्पेस स्टेशन, लाईट गेलेले, जिवंत माणूस एकही नाही, आणि टेबलावर, लिफ्टमध्ये, संडासात सुद्धा ऑडिओ लॉग, म्हणजे मेलेल्यांनी मागे ठेवलेली आवाजाची रेकॉर्डिंग्ज, पडलेले. उचला, ऐका, पुढचा उचला. १९९४ च्या सिस्टम शॉकमध्ये हे पटत होतं, कारण पर्याय निवडून होणारे संवाद बनवणाऱ्यांना खोटे वाटत होते म्हणून त्यांनी सिटाडेल स्टेशनवरची सगळी माणसंच मारली आणि त्यांचे आवाज तेवढे ठेवले, अडचणीतून काढलेली वाट होती ती, आणि भारी होती. पण मग २००४ ला डूम ३, २००७ ला बायोशॉक, २००८ ला डेड स्पेस... वाटेचा पार हायवे झाला. जिवंत माणूस लिहिणं अवघड असतं, मेलेला सोपा, तो उलटून काही विचारत नाही. पहिल्या मास इफेक्टमध्ये माझ्याच टीममधला रेक्स माझ्यावर बंदूक रोखतो आणि तोवर मी त्याच्यासाठी काय केलंय, त्या क्षणी काय बोलतोय यावर तो जगतो की मरतो ते ठरतं. असं कुठल्या लॉगला जमणार?

जुना_जॉयस्टिक:
अजिबात पटलं नाही. सिस्टम शॉकचंच घ्या, शोडानवरचे, म्हणजे स्टेशन चालवणाऱ्या एआयवरचे, नैतिक निर्बंध सुरुवातीला आपल्याच हातून काढले जातात. त्यामुळे नंतर ऐकलेला प्रत्येक आवाज हा आपल्या करणीचा हिशोब असतो, समोर कुणी जिवंत उभा राहून भांडला असता तर उलट सुटल्यासारखं वाटलं असतं. आणि मागे राहिलेल्या कागदातून गोष्ट कळणं आपल्याला काय नवीन आहे का, पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना सावकारी पत्रातून कळली, दोन मोत्ये गळाली, आणि आज अडीचशेहून जास्त वर्षांनी पण ते वाचताना घशात काहीतरी अडकतं. लढाई डोळ्यासमोर नाही म्हणूनच अडकतं.

रात्रपाळी:
@जुना_जॉयस्टिक पत्राचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ते कुणीतरी कुणालातरी लिहिलेलं होतं, भलत्याच्या हाती पडलं तरी कळू नये म्हणून मोती आणि मोहरांच्या भाषेत लिहिलेलं. गेममधला शास्त्रज्ञ दाराबाहेर राक्षस ओरडत असताना रेकॉर्डर चालू करून प्रोजेक्टचा इतिहास सांगत बसतो, तो कुणाला सांगतोय? मला, खेळणाऱ्याला. आणि त्यातच लॉकरचा कोड पण सांगतो, डूम ३ मध्ये मी लॉग फक्त कोडसाठी ऐकायला लागलो होतो.

कोकणकडा_८७:
मी मराठी माध्यमात शिकलेलो. बायोशॉकमध्ये रेडिओवर अ‍ॅटलस त्या आयरिश उच्चारात बोलायचा आणि तेवढ्यात समोरून कुणीतरी अंगावर यायचं, निम्मं बोलणं वाया. ऑडिओ डायरी, म्हणजे तिथले लॉग, मात्र परत लावता यायची, एकेक तीन तीनदा ऐकलीय. रॅप्चर, म्हणजे गेममधलं ते समुद्राखालचं शहर, बुडालं कसं हे मला मेलेल्या माणसांनीच समजावलं, जिवंत असते तर एकदा बोलून मोकळे झाले असते. त्यामुळे बंद करा वगैरे वाचून थोडं लागलं, खरं सांगतो.

अवकाशवेडी:
रात्रपाळी, तुमचा कुणाला हा प्रश्न मला आवडला, पण त्याचं उत्तर २०१९ च्या आउटर वाइल्ड्समध्ये आहे. नोमाई लोक, म्हणजे त्यातले केव्हाच मरून गेलेले परग्रहवासी, भिंतीवर वळ्यावळ्यांनी लिहितात, एकीने प्रश्न टाकला की तिच्याच ओळीला फांदी फुटून दुसऱ्याचं उत्तर, त्यावर तिसऱ्याची शंका. ते एकमेकांशी बोलतायत, आपल्याशी नाही. दर २२ मिनिटांनी सूर्य फुटून सगळं परत पहिल्यापासून, नवीन हत्यार नाही ताकद नाही, भिंतीवरून जे समजलं तेवढंच सोबत राहतं. आणि प्रे (२०१७ चा) विसरू नका, टॅलोस वन या स्पेस स्टेशनवरच्या प्रत्येक प्रेताला नाव आहे, सिक्युरिटीच्या कॉम्प्युटरवर यादी बघून एकेक माणूस शोधता येतो. मी बऱ्याच जणांना शोधत फिरले, गेमने सांगितलं नव्हतं तरी.

रात्रपाळी:
नोमाईंचं मान्य, तिथे लिहायला कारण आहे. प्रेची यादी पण चांगली आहे, पण यादी ही यादीच.

जुना_जॉयस्टिक:
मग सोमा? २०१५ चा. तिथे रेकॉर्डर कुणी चालूच करत नाही, लोकांच्या अंगात ब्लॅकबॉक्स बसवलेला असतो, प्रेताला हात लावला की मरतानाचे शेवटचे काही सेकंद ऐकू येतात. कुणाला सांगतोय हा प्रश्नच उरत नाही.

रात्रपाळी:
सोमा संपवलाय मी. त्यातला ब्लॅकबॉक्सचा एक पण आवाज आत्ता आठवत नाहीये. सारा आठवते. समुद्रतळाच्या टाऊ या केंद्रात मशीनच्या आधाराने जगणारी, पृथ्वीवरची शेवटची जिवंत बाई, आणि ती सायमनला, म्हणजे आपण खेळतो त्याला, म्हणते हे मशीन बंद कर आणि मी जाईपर्यंत इथे थांब. मी बटणाला हात न लावता कितीतरी वेळ तिथे नुसता उभा होतो आणि ती बोलत होती.