चर्चा: पाड्यावरचे अनुभवी गुरुजी टिकवायचे कसे?

आसनगावकर: ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरच्या झेडपी शाळेत शिक्षक रुळतो न रुळतो तोच निघतो. अशा दुर्गम, म्हणजे सरकारी भाषेत अवघड क्षेत्रात 3 वर्षं भरली की बदलीचा अधिकार मिळतो. पण पहिलं वर्ष पोरांची बोली कळण्यातच जातं. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. कुठलं घर कुठल्या भट्टीवर जाणार, हे जुन्या गुरुजींना दसऱ्यालाच ठाऊक असतं. कुटुंब निघण्याआधी ते पोराच्या हातात शिक्षण हमी कार्ड (जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून) देतात, आजी गावात असेल तर पोराला तिच्याकडे ठेवायला घरच्यांना राजी करतात. नव्या शिक्षकाला हे कळेपर्यंत निम्मा वर्ग रिकामा! अधिकार राहू दे, पण तो न वापरता 5 वर्षं थांबणाऱ्याला एक जादा वेतनवाढ द्या.

फळा-खडू: साफ असहमत. एका वेतनवाढीने कोणी थांबत नाही. माणूस पिचतो तो मुख्याध्यापकाचा प्रभार सांभाळण्याने. शिक्षण हक्क कायद्यानुसार (आरटीई) 60 पटापर्यंत दोनच शिक्षक आणि प्राथमिकला 150 च्या वर पट असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. म्हणजे दोनशिक्षकी शाळेत कारभार ज्येष्ठाच्याच गळ्यात. पोषण आहाराचे पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ मोजून द्या, शिल्लक जुळवा, रोज ऑनलाइन नोंद करा, यू-डायस (शाळेची सरकारी माहिती) भरा. पाड्यावर रेंज नसली की नोंद रात्री घरून. त्यात बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम आलं की नाही म्हणता येत नाही, कारण आरटीईच्या कलम 27 मधल्या अशैक्षणिक कामांच्या बंदीतून निवडणूक वगळली आहे. तोवर सगळ्या इयत्ता दुसऱ्या शिक्षकापुढे. दर केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला एक लिपिक द्या, मग बघा किती जण बदलीचा अर्ज भरतात.

खर्डी लोकल: आणि राहायचं कुठे? मुख्यालयी राहा म्हणतात, पाड्यावर भाड्याची खोली मिळत नाही. मग कल्याणहून कसारा लोकल, खर्डीला उतरून पुढे बाईक. पावसात तो रस्ता रोजचा धोका आहे. शाळेजवळ दोन खोल्या बांधा, तेवढंही पुरे.

गणित-विज्ञान: सध्याची धास्ती वेगळीच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाप्रमाणे 5 वर्षांहून जास्त सेवा उरलेल्यांना 2 वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचंय. वीस वर्षं शिकवलेला माणूस 150 गुणांच्या पेपरची तयारी करणार की भट्टीवरची पोरं परत आणणार?

आसनगावकर: लिपिकाचं पटलं, वेतनवाढीच्या आधी तोच हवा. टीईटीबद्दल मात्र नाही. परीक्षा होऊ दे, पण उन्हाळी सुट्टीत तालुक्याला वर्ग घ्या आणि तेवढी दोन वर्षं बीएलओचं काम दुसऱ्या खात्याकडे सोपवा.