पाणी वाढवण्याआधी मुळं बघा

गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पिवळे ठिपके पडले तर पाणी वाढवा, असं कुणीतरी सुचवलंय. जरा थांबा. ठिपक्याच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढून बघा. सतरंजीसारखं अलगद उचललं गेलं तर मुळं कुरतडलेली आहेत. बोटभर माती उकरली की पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धगोल वळलेली अळी सापडेल. आपल्या उसाला लागते तीच हुमणी.

वळवाचा पाऊस झाला की या अळीचे भुंगेरे दिवेलागणीला जमिनीतून निघतात आणि कडुनिंब-बाभळीवर पाला खायला बसतात. तेव्हाच फांद्या हलवून खाली पडलेले गोळा करायचे, रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. हे काम कंटाळवाणं खरं, पण सगळ्यात स्वस्त. मेटारायझियम (अळीला मारणारी बुरशी) टाकायचं तर अळी लहान असताना, ओल्या जमिनीत, संध्याकाळी. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात टाकलं तर पैसे पाण्यात. अळी मोठी झाली की औषधाला फारशी दाद देत नाही.

आता तणांचं. लव्हाळा खुरप्यानं काढून संपत नाही, गाठी खाली शाबूत राहतात. टू-फोर-डी या तणनाशकानं तो नुसता वरवर करपतो. हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक आत उतरतं, हिरवळीच्या हराळी गवतालाही सहसा धक्का लागत नाही. तरी आधी कोपऱ्यात मारून बघा. गाजर गवत मात्र फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटा.