शब्दचर्चा : बटुग्रहाची ‘उष्णता’, ‘धग’ की ‘औष्णिक प्रारण’?

प्रश्न : पुण्यातील शाळकरी मुलांसाठी अवरक्त दुर्बिणींवर एक टिपण लिहीत आहे. ‘प्लूटोसारख्या बटुग्रहांची उष्णता मोजली’ या वाक्यावर एका मुलीने विचारले, की जिथे तापमान उणे २३० अंश सेल्सिअस आहे, तिथे उष्णता कसली? कोणता शब्द योजावा? ‘अवरक्त’मधील ‘रक्त’ही मुलांना बुचकळ्यात टाकते.

उत्तर : मुलीची शंका रास्त आहे. ‘उष्ण’ म्हटले की आपल्याला तापलेलेच आठवते. भौतिकशास्त्रात मात्र उणे २७३ अंशांच्या, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या, वर असलेली प्रत्येक वस्तू प्रारण, म्हणजे प्रकाशासारख्या लहरींच्या रूपातली ऊर्जा, बाहेर टाकतेच. प्लूटो त्या शून्याहून सुमारे ४० अंश वर आहे. त्याचे प्रारण ७० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते, तर आपल्या शरीराचे १० च्या जवळपास.

मराठीत यासाठी घरचा शब्द आहे, धग. ऊब सुखावते, आच भांड्याखाली असते, चटका शिवल्यावर बसतो. धग मात्र न शिवता, अंतरावरून लागते. पेठेतील एखाद्या जुन्या वाड्याच्या पश्चिमेकडच्या काळ्या दगडी भिंतीपासून वीतभर अंतरावर, एप्रिलमध्ये दिवेलागणीच्या वेळी तळहात धरून पाहावा : भिंत उजळलेली नसते, हात तिला टेकलेला नसतो, तरीही दिवसभर प्यालेले ऊन ती परत देत असल्याचे कळते. बटुग्रहही हेच करतो. चुना दिलेली भिंत ऊन परतवते आणि कमी तापते. त्यामुळेच लहान पण उजळ गोल आणि मोठा पण काळवंडलेला गोल दृश्य प्रकाशात सारखेच तेजस्वी दिसू शकतात. त्यांची धगही मोजली, की हा घोटाळा सुटतो आणि व्यासाचा अंदाज बांधता येतो. स्पिट्झर (२००३–२०२०) आणि हर्शेल (२००९–२०१३) या अवकाश दुर्बिणींच्या निरीक्षणांवरून नेपच्यूनपलीकडच्या अनेक गोलांचे आकारमान असेच काढले गेले.

तरीही टिपणाच्या मुख्य वाक्यात ‘धग’ नको, असे माझे मत आहे, कारण तिच्यात तीव्रता गृहीत असते. तेथे ‘औष्णिक प्रारण’ लिहावे. औष्णिक वीजकेंद्रामुळे ‘औष्णिक’ मुलांच्या कानावरून गेलेला असतो. क्रियापदही जपून वापरावे : दुर्बीण प्रारण मोजते, तापमान त्यावरून काढतात.

‘अवरक्त’मधील रक्त म्हणजे तांबडा, रक्तचंदनातला, ‘अव’ म्हणजे खाली. तांबड्याहून कमी वारंवारतेचे ते अवरक्त. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये वर्णपटाच्या तांबड्या टोकाबाहेर तापमापक ठेवला आणि पारा चढला, ही हकीकत मुलांना जरूर सांगावी. दुसऱ्या टोकाला जांभळ्याच्या पलीकडचे ते ‘जंबुपार’. दोन्ही शब्द शेजारी लिहिले, की रक्ताचा गैरसमज राहत नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. वाक्य असे बदलले आहे : ‘दूरच्या बटुग्रहांकडून येणारे औष्णिक प्रारण अवरक्त दुर्बिणींनी मोजले आणि त्यावरून त्यांचे तापमान व आकारमान काढले.’ वाड्याची भिंत पुढच्याच परिच्छेदात घेत आहे.