मुलं, मोबाइल आणि आपण : तुमचे अनुभव लिहा

धाकटा (वय ११) परवा जेवताना सहज म्हणाला, "आई, दादाने मला हजार डायमंड दिले." डायमंड म्हणजे गेममधले पैसे. आमच्या घरात दादा कोणी नाही. गेममध्ये भेटलेला. आधी डायमंड, मग 'शाळा कुठली?', मग 'दुसऱ्या अ‍ॅपवर बोलू, घरी सांगू नकोस'. घास तसाच हातात राहिला. ओरडले नाही ते बरं, नाहीतर तो तिथेच गप्प झाला असता.

उपदेश नकोत, ते ढीगभर मिळतात. घरी काय घडलं ते लिहा.

मिरजेचा मास्तर
आठवीतल्या मुलीचा स्नेहसंमेलनातला नाचाचा फोटो उचलून कोणीतरी तिच्या नावाने अकाउंट काढलं. आठ दिवस पोर 'पोटात दुखतंय' म्हणून घरी. वडिलांना कळल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर तिचाच फोन आपटून फोडला. पुरावाही गेला! मैत्रिणीकडे स्क्रीनशॉट होते म्हणून निभावलं. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार केली. बायका-मुलांच्या बाबतीत तिथे नाव न देताही तक्रार करता येते, हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं. ब्लॉक करायच्या आधी प्रोफाइलची लिंक, युजरनेम, तारीख-वेळ टिपून ठेवा. अकाउंट गेलं. उघडलं होतं कोणी, ते कळलं नाही. मुलगी आता नववीत आहे. नाचत नाही.

ओसरी
आमच्या नातवाने आजोबांच्या फोनवर 'फ्री स्किन'ची (गेममधल्या पात्राच्या फुकट पोशाखाची) लिंक दाबली, ओटीपीही सांगून टाकला. ८,४०० गेले. अर्ध्या तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला म्हणून ५,००० तरी वाटेत अडवले गेले. आजोबांना लाज वाटत होती, तेवढ्यात दहा मिनिटं फुकट गेली.

मेलबर्नची मावशी
इथे १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅटवर अकाउंट ठेवता येत नाही. दंड कंपन्यांना, पोरांना नाही. माझा १४ वर्षांचा दोन दिवस फुगून बसला. मग सगळी गँग व्हॉट्सअ‍ॅपवर आणि गेमच्या चॅटमध्ये, कारण ते या बंदीत नाहीत. कायदा वाईट नाही, पण आधी खाली मान घालून रील बघायचा, आता खाली मान घालून टाइप करतो.

दुधाची पिशवी
गुन्हेगार मीच. लेकीच्या शाळेचा पहिला दिवस, गणवेश, बिल्ला, मागे स्कूलबस, बसचा नंबर, सगळं स्टेटसला. ९ वर्षांची झाल्यावर तिनेच विचारलं, "मला न विचारता टाकलास?" जुने फोटो काढायला रविवार गेला. आत्येने फॉरवर्ड केलेले अजून फिरताहेत.

मिरजेचा मास्तर
@धागाकर्ती, त्या दादाचं पुढे काय झालं?

धागाकर्ती
रिपोर्ट केला, मग ब्लॉक. १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला, तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. घरात आता फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, आमचेही. पण धाकट्याचं एक अडलंय, रोज झोपताना विचारतो, "डायमंड त्याचे होते ना? मग परत कसे करायचे?"