पुणे–नागपूर: तिकिटावर दीड तास, पण घर ते घर किती?

पैलतीर
कोथरूडहून नागपूरला धरमपेठेत सकाळी ११ च्या आत पोचायचंय. सोबत आई आहे, वय ७२, गुडघे दुखतात. विमानाचं अंतर नेमकं किती आणि घर ते घर किती वेळ धरायचा? की गाडीने जावं?

धावपट्टी
लोहगाव (पुणे विमानतळ) ते सोनेगाव (नागपूर विमानतळ) सरळ रेषेत साधारण ६०५ किमी. विमान हवेत तास-सव्वा तासच असतं. तिकिटावरचा दीड तास म्हणजे पुण्यात विमान जागेवरून हलल्यापासून नागपुरात जागेवर थांबेपर्यंत. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ. लढाऊ विमानांचा सराव चालू असला की आपलं विमान रांगेत, त्यामुळे कंपन्या वेळ सैल धरूनच छापतात.

समजा ७:३० चं विमान आहे. बॅगा घेणारा काउंटर तासभर आधी, म्हणजे ६:३० ला बंद होतो. गेट २५ मिनिटं आधी. वयस्कर माणूस सोबत असेल तर ५:३० ला टर्मिनलवर हवं, म्हणजे ४:३० ला घर सोडा. पहाटे रस्ता मोकळा असतो. हेच संध्याकाळी नगर रोडला अडकलात तर दीड तासही पुरत नाही. ९ ला उतरलात की पट्ट्यावर बॅगेची वाट, मग टॅक्सी. धरमपेठेत दहाच्या सुमारास. साडेपाच तास धरा.

बडनेरा_जंक्शन
गाडीने अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर करून समृद्धीला लागायचं. एकूण ७०० किमीच्या आसपास, थांबे धरून १० ते ११ तास. समृद्धीचा टोल कारला किमीमागे २ रुपये ६ पैसे. टायर जुने असतील तर या रस्त्याला जाऊच नका. १२० च्या वेगात तासन्‌तास तापतात आणि हवा कमी असेल तर फुटतात. हवा टायर गार असताना तपासा.

वंदे भारत पुणे–अजनी (नागपुरातलं स्टेशन) ८८१ किमी, १२ तास, फक्त खुर्च्या. दौंड, मनमाड असं उत्तरेला चढून मग भुसावळहून पूर्वेला वळते, म्हणून अंतर एवढं वाढतं. गुडघे दुखणाऱ्याला १२ तास बसवणं योग्य वाटत नाही.

कानडा_राजा
दुपारचं विमान स्वस्त मिळतं, ते बघा की.

धावपट्टी
११ च्या आत पोचायचंय ना त्यांना! शिवाय एकच विमान दिवसभर फेऱ्या मारतं, सकाळचा उशीर दुपारी दुप्पट होतो. डिसेंबर-जानेवारीत तेच विमान दिल्लीहून येणार असेल तर धुक्याचा फटका इथे बसतो. ट्रॅकिंग अ‍ॅपवर आपलं विमान आत्ता कुठे आहे ते बघूनच घरून निघा.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी. विमान लांब उभं असेल तर बसने नेऊन शिडी चढायला लावतात. नोंद असली की माणसाला खुर्चीसकट वर उचलणारी गाडी मागवता येते. ऐनवेळी सांगितलं तर तिची वाट बघत बसावं लागतं.

सांडगी_मिरची
लोणचं हातातल्या बॅगेत अडवतात, मोठ्या बॅगेत ठेवा, बरणी दोन पिशव्यांत बांधून. सुकं खोबरं मात्र कुठल्याच बॅगेत नको. तेल जास्त, पेट घेतं म्हणून काढून ठेवतात.

पैलतीर
पहिलं विमान घेतलं, व्हीलचेअरही नोंदवली. खोबऱ्याच्या वाट्या आईने भरल्याच होत्या, काढतो.