अनुभव धागा : टीव्हीतलं आकाश, आपले अवकाश-गेम

संत्रानगरी :
मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. १९९० च्या दशकातल्या आमच्या सुट्ट्या कूलरसमोर टीव्ही गेम खेळण्यात गेल्या. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची, की 'गॅलॅक्सियन' सुरू. काळ्या पडद्यावरून सरकणाऱ्या रंगीत ठिपक्यांना मी तारे म्हणायचे. भावाची पाळी असली की मी लढाई सोडून त्या ताऱ्यांकडेच बघत बसायचे. तुमचा असा कुठला गेम? नुसती नावं नकोत, एखादा प्रसंग लिहा.

सीताबर्डीवाला :
आमच्या घरी टीव्ही गेम नव्हता. बर्डीवर एका गल्लीत व्हिडिओ गेम पार्लर होतं, तिथे 'गॅलेगा' खेळलो. गेम १९८१ चा, आमच्यापर्यंत यायला दहा वर्षं लागली. त्यातले शत्रू किड्यांसारखे, त्यांतला वरचा मोठा किडा झोत सोडून आपलं यान ओढून नेतो. ते मुद्दाम नेऊ द्यायचं आणि पुढच्या यानानं त्या किड्याला नेमकं टिपायचं. मग दोन यानं जोडीनं लढतात. नेम चुकला तर आपलंच यान फुटतं. खिशात शेवटचं टोकन असताना हा डाव खेळायला छाती लागायची. एका मोठ्या पोरानं माझं मनगट धरून "थांब... थांब... आता दाब" असं शिकवलं होतं. त्याचं नावही विचारलं नाही मी.

कोडवाला_भाऊ :
'स्पेस इनव्हेडर्स' (१९७८) मध्ये शत्रू कमी होत गेले की उरलेले भरधाव सुटतात. चित्रं कमी झाली की प्रोसेसरवरचा भार उतरायचा, म्हणून वेग वाढायचा. गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी तो तसाच राहू दिला. कॉलेजात हे कळलं आणि मी प्रोग्रामिंगकडे वळलो.

धंतोलीची_आई :
मी गेमकडे कधी फिरकले नव्हते. मुलगी नववीत असताना 'कर्बल स्पेस प्रोग्राम' हा रॉकेट बांधून उडवायचा गेम खेळायची आणि तिचं रॉकेट रोज पडायचं. मी भाजी निवडता निवडता बघायचे. सरळ वर गेलं की ७० किलोमीटरला हवा संपते, तरी यान खालीच येतं. मला वाटायचं, इंजिन कमी पडतंय. एक दिवस ती म्हणाली, "आई, नुसतं वर जाऊन भागत नाही गं, आडवं पळायचंय. इतकं जोरात, की आपण पडत राहतो आणि जमीन खालून वळत राहते."

मेथीची जुडी हातातच राहिली. कक्षा म्हणजे काय ते शाळेत पाठ केलं होतं, मार्कही मिळवले होते. समजलं मात्र त्या दिवशी.

पुढे तिनं तिथल्या चंद्रावर उतरायचा ध्यास घेतला. हवा नाही म्हणून पॅराशूट कामाचं नाही, सगळा वेग इंजिनानंच मारायचा. कितीदा आपटली, मोजलं नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा विक्रम लँडर खऱ्या चंद्रावर उतरत होता तेव्हा घरातले सगळे उंचीचा आकडा बघत होते, ही आडव्या वेगाचा. सेकंदाला १६०० मीटरच्या वरून तो आकडा घसरत गेला, तशी माझ्या हातावरची तिची पकड सैल होत गेली.

अजनीकर_आजोबा :
रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मुलानं 'एलिट डेंजरस' हा यान चालवायचा गेम लावून दिला. आकाशगंगा खऱ्या मापाची, ४०० अब्ज तारे. नातू लढाया करतो, मी हिंडतो. आपल्या सूर्यमालेत शिरायला त्यात परवाना लागतो. तो मिळवायला मी कित्येक महिने माल वाहिला, जन्मभर केलेलंच काम. मग नासाचं जुनं यान व्हॉयेजर-१ शोधायला निघालो. गेममधलं साल ३३०० च्या पुढचं, आणि अंधारात ते यान एकटं चाललेलं. १९७७ ला ते सुटलं, त्याच वर्षी मी नोकरीला लागलो. इंजिन बंद करून बराच वेळ त्याच्या बाजूला थांबलो. नातवाला हाक मारली, तोही गप्प बसून बघत राहिला.

पोट्ट्याचा_बाप :
काका, माहा पोट्टा दहा वर्षाचा हाय, व्हॉयेजर म्हटलं की जीव टाकते. त्याले कधी घेऊन येऊ? पाच मिनिटं दाखवून द्या फक्त.

अजनीकर_आजोबा :
रविवारी सकाळी या. तर्री पोहे खाऊनच जा.