हॅनोव्हरहून हामेल्न: एक दिवस घालवण्यासारखं आहे का?

कोथरूडची_आजी
नमस्कार मंडळी. लेक-जावई हॅनोव्हरला असतात. आम्ही दोघं जूनच्या मध्याला पुण्याहून निघतोय. नातू सात वर्षांचा. त्याला व्हिडिओ कॉलवर हामेल्नच्या पुंगीवाल्याची गोष्ट सांगून बसले आणि आता रोज एकच धोशा, "आजी, उंदरांच्या गावाला कधी जायचं?" जावईबापूंचं मत, तिथे उंदरांचे पुतळे सोडून काही नाही, त्यापेक्षा ब्रेमेनला चला. तिथे जाऊन आलेल्या कोणी खरं काय ते सांगा. जर्मन आम्हाला शून्य येतं, ह्यांचे गुडघे दुखतात आणि आम्ही शाकाहारी.

पौड_फाटा
जावयाशी सहमत. ब्रेमेनला गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा एकावर एक उभे असलेला पुतळा आहे, गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरून इच्छा मागायची. शेजारीच टाउन हॉल आणि रोलंडचा पुतळा, दोन्ही जागतिक वारसा यादीत. शहर मोठं आहे, कंटाळा येणार नाही.

भोसरीवाला
आजी, ब्रेमेन चांगलंच आहे, पण नातवाने मागितलंय हामेल्न. पोराला गाढवावर भागवू नका.

माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. हॅनोव्हरला मशीनचं प्रदर्शन असलं की तिथल्या हॉटेलांचे भाव असे चढतात की आमच्यासारखे लोक आजूबाजूच्या गावांत उतरतात. मी हामेल्नला उतरतो, त्यामुळे हे गाव मला पर्यटक निघून गेल्यावर जास्त माहीत आहे.

रविवारीच जा. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दर रविवारी दुपारी १२ वाजता होखत्साइट्सहाउस नावाच्या दगडी इमारतीसमोर गावातलेच हौशी लोक पुंगीवाल्याचं नाटक करतात. तिकीट नाही. साधारण अर्ध्या तासाचं. उंदीर म्हणजे करड्या पोशाखातली गावची पोरं, काही इतकी लहान की दुसऱ्या उंदराचा हात धरून चालतात. मी एकदा मेअखेरीस एक मशीन पाठवण्यापूर्वी तपासायला गेलो होतो तेव्हा पाहिलं. जर्मन येत नसलं तरी अडत नाही, गोष्ट पाठ आहेच. साडेअकराला जाऊन जागा धरा, नाहीतर नातवाला पुढच्यांच्या पाठी दिसतील. नाटक संपलं की तिथेच रेंगाळा. त्याच इमारतीवर १ वाजून ५ मिनिटांनी घंटा वाजतात आणि छोट्या बाहुल्यांची मिरवणूक निघते. चुकली तर ३:३५ आणि ५:३५ ला पुन्हा.

जावईबापू पुतळे म्हणतात ते खोटं नाही. फरसबंदीवर पांढरे उंदीर रंगवलेत, त्यांच्या मागे मागे गेलं की जुनं गाव फिरून होतं. नातू तेवढ्यावरच खूश होईल. पण तुम्ही दोघांनी ओस्टरश्ट्रासे या रस्त्यावरचं रॅटनफेंगरहाउस, म्हणजे उंदीर पकडणाऱ्याचं घर, बघा. १६०२-०३ मधलं घर. बाजूच्या भिंतीवर जुना मजकूर कोरलाय: १२८४ साली २६ जूनला रंगीबेरंगी कपड्यांतल्या एका वादकाने हामेल्नमध्ये जन्मलेली १३० मुलं नेली आणि कोपेन नावाच्या ठिकाणापाशी ती हरवली. उंदरांचा एक शब्द नाही. उंदीर या गोष्टीत सोळाव्या शतकाच्या मध्याला आले, त्याआधीची जुनी नोंद फक्त मुलांची आहे. म्हणजे उंदीर घालवल्याचे पैसे गावाने बुडवले, म्हणून पुंगीवाल्याने मुलं नेऊन सूड घेतला, हा सगळा हिशोब मागाहून जोडलेला. मी पहिल्यांदा तिथे उभा राहिलो तेव्हा एका धंदेवाईक माणसाची निराशाच झाली, कारण मजुरी थकवणाऱ्या गिऱ्हाइकाची ही माझी आवडती गोष्ट होती.

त्या भिंतीच्या कडेने जी गल्ली जाते ती बुंगेलोझनश्ट्रासे. मुलं शेवटची इथून गेली म्हणतात, म्हणून तिथे वाजवायला आणि नाचायला मनाई. लग्नाची वरातसुद्धा वाजंत्री थांबवून जायची, अशी जुनी नोंद आहे. लक्ष्मी रोडवर ढोल-ताशात वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

जर्मन_बी१
मग मुलं गेली कुठे? आमच्या क्लासात मॅडम म्हणाल्या होत्या साथीचा रोग.

भोसरीवाला
साथीचंही म्हणतात. पण १३० जण एकाच दिवशी गेले आणि तारीख अशी नेमकी लक्षात राहिली, हे रोगाशी जुळत नाही असं मला वाटतं. जास्त पटणारं मत असं: त्या काळात पूर्वेकडे नवीन गावं वसवायला माणसं हवी होती, त्यांना गोळा करणारे दलाल फिरायचे, आणि गावातली तरुण पोरं त्यांच्यामागे गेली. उडोल्फ नावाच्या भाषातज्ज्ञाने पूर्वेकडची गावांची नावं आणि आडनावं हामेल्नच्या आसपासच्या नावांशी ताडून हेच मांडलंय. आखाती देशात माणसं नेणारे एजंट आपण पाहिलेत, त्यामुळे मला यात काही अवघड वाटत नाही.

कोथरूडची_आजी
बाई गं, हे नातवाला आत्ताच सांगत नाही! ठरलं, रविवारीच जातो. गाडीचं आणि जेवणाचं सांगाल का?

भोसरीवाला
हॅनोव्हरच्या मुख्य स्टेशनवरून एस ५ लोकल, पाऊण तास. स्टेशनपासून जुनं गाव पंधरा मिनिटं चालत, वाट सपाट आहे. आत मात्र दगडी फरसबंदी, काकांना जाड तळव्याचे बूट घालायला लावा. लेकीकडे डॉइचलँड टिकेट (देशभरच्या लोकल गाड्यांचा महिन्याचा पास) असेल तर तिला वेगळं तिकीट नको. बाकीच्यांसाठी नीडरझाक्सन टिकेट (त्या राज्यापुरतं एका दिवसाचं तिकीट) बघा, पाच जणांपर्यंत एकच तिकीट, शनिवार-रविवारी सकाळी ९ नंतरच निघायची अट नाही. त्यावर प्रवाशांची नावं लिहायची असतात, तपासनीस विचारतो.

रविवारी दुकानं बंद, पण बेकऱ्या आणि कॅफे उघडे असतात. खाणावळींत मांसाचंच राज्य. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्या आणि वेझर नदीच्या काठी बसून खा. उंदीर याच नदीत बुडाले, हे नातू तुम्हाला सांगेलच. बेकरीत उंदराच्या आकाराचा कडक पाव मिळतो, तो शोभेचा असतो, चावू देऊ नका.

पौड_फाटा
काकांचे गुडघे लक्षात घेता ब्रेमेनपेक्षा हामेल्न बरं, मत बदलतो. आणखी एक दिवस मिळाला तर नदीच्या वरच्या अंगाला बोडेनवेर्डर आहे, थापाड्या बॅरन म्युनशहाउझन १७२० मध्ये तिथे जन्मला. हामेल्नहून बस जाते, पण रविवारच्या वेळा आधी तपासा.